रिकाम्या भांड्यातला उजेड

बुटाची नाडी बांधता बांधता त्याच्या कानावर आलं, "बाबा, थर्मामीटर कुठे ठेवलायस?" आणि गाठ तशीच बोटांत राहिली. मुलगी तिच्या खोलीच्या दारात उभी होती, खांद्यावर पांघरूण, डोळे लालसर. पहाटेपासून कणकण वाटतेय, अंग मोडून आलंय, आज कामावर जात नाही, असं ती सांगत होती. साधी गोष्ट होती. पण ती ऐकताना त्याचा तोल गेल्यासारखा झाला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं. "बंद पडलाय तो," तो मान वर न करता म्हणाला, "संध्याकाळी नवा आणतो." खोटं इतक्या सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. थर्मामीटर बंद पडलेला नव्हता. तो त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होता, आतल्या चेनच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या डबीत. सात महिने तिथेच होता. पिशवी तो कोणाला हात लावू देत नसे. मुलगी म्हणाली, इतक्यात कसा बंद पडला, नवा तर होता. मग म्हणाली, जाऊ दे, झोपते मी. दार लोटलं गेलं. तो दोन मिनिटं त्या दाराकडे बघत बसला. आत जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवावा असं मनात आलं, आणि हात ठेवून कळणार काय, असंही आलं. मग तो उठला आणि पिशवी घेऊन जिना उतरला. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिला खोकला आला की नाही हे ऐकत.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी त्याने मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. तो थर्मामीटर बायकोने आणला नव्हता, त्यानेच आणला होता, तिच्या आजारपणाच्या जेमतेम आठवडाभर आधी. गावात तापाची साथ होती, घरात एक असावा म्हणून. आणि आणल्या दिवशीच त्याने स्वयंपाकघरात कपभर कोमट पाणी घेतलं, प्रयोगशाळेतून आणलेला खात्रीचा थर्मामीटर त्यात सोडला, आणि शेजारी हा नवा. खात्रीचा म्हणाला एकशे एक पॉइंट सात. नवा म्हणाला एकशे एक पॉइंट तीन. म्हणजे नवा चार दशांश कमी दाखवतो. ते त्याने कागदाच्या पट्टीवर लिहून डबीला चिकटवलं. बायको ओट्याला टेकून हे सगळं बघत होती. "म्हणजे आता मला ताप आला तर आधी तुमची सही लागणार," ती म्हणाली. तिची चेष्टा अशीच असायची, सरळ चेहऱ्याने. तिला त्याचं काम फार थोडक्यात समजलं होतं आणि ते थोडकं अगदी बरोबर समजलं होतं. तो ज्या यंत्रावर काम करायचा ते म्हणजे टायरच्या आकाराचं मोठं पोलादी भांडं. त्यात वायू भरायचा आणि इतका तापवायचा की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून मोकाट धावू लागतात. आत हात घालायची सोय नाही, काही ठेवलं तर त्याची वाफ. म्हणून लांबून मोजायचं. एका खिडकीतून लेझरचा झोत सोडायचा. तो आरपार जातो, पण जाता जाता इलेक्ट्रॉनवर आपटून त्यातला किंचित उजेड बाजूला उडतो. दुसऱ्या खिडकीतून तो गोळा करायचा आणि त्याचा रंग बघायचा. इलेक्ट्रॉन जितके पिसाट, तितका रंग मूळच्या रंगापासून लांब पसरलेला. त्या पसाऱ्यावरून आतला ताप सांगायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे त्याने तिला समजावलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "म्हणजे ताप बघायचं काम. पण पेशंटजवळ जायची हिंमत नाही."

हे वाक्य गेल्या सात महिन्यांत दिवसातून किती वेळा आठवायचं याला गणती नव्हती. बस एका वळणावर करकचून थांबली आणि पिशवीतली डबी आत कशावर तरी आपटली. तो दचकला. समोर बसलेल्या बाईने त्याच्याकडे पाहिलं. तो कशाला घाबरत होता ते कोणाला सांगितलं असतं तर हसू आलं असतं. या थर्मामीटरची रीत अशी होती की बटण दाबलं की आधी दोन सेकंद मागच्या वेळचा आकडा दाखवायचा, आणि नवा ताप घेतला की जुना पुसून टाकायचा. म्हणजे आत बायकोचा शेवटचा आकडा होता. पाचव्या दिवशी सकाळी तिने घेतलेला. त्यानंतर तिला दवाखान्यात नेलं, तिथे त्यांची साधनं होती, आणि दोन दिवसांत सगळं संपलं. घरी परतल्यावर डबी तिच्या उशीशी होती. त्याने ती पिशवीत टाकली. बटण दाबलं नाही. दाबलं असतं तर कळलं असतं की ती फोनवर रोज सांगायची तो ताप खरा की खोटा. खरं असेल तर एक भीती, खोटं असेल तर दुसरी, आणि दोहोंतली कुठली मोठी हे त्याला ठरवता येत नव्हतं. आकडा मात्र आत होता. घरात दुसऱ्या कोणी नकळत ताप घेतला असता तर तो गेला असता. म्हणून त्याने स्वतःच्या लेकीला, तापाने फणफणली असेल नसेल त्या पोरीला, सकाळी सकाळी थाप मारली होती आणि थर्मामीटर घेऊन तो तिच्यापासून सात मैल लांब निघाला होता. हे त्याच्या ध्यानात बस पुलावर असताना आलं. उतरावं असं वाटलं. उतरला नाही.

बायको आजारी पडली तेव्हाही तो उतरला नव्हता. तेव्हा प्रयोगांची मोठी मोहीम चालू होती, सहा आठवड्यांची. भांडं रोज तापत होतं आणि मोजणारा तो एकटा. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, अंगात थोडी कसर आहे, जा तुम्ही. पोटात दुखतंय असंही काही म्हणाली होती, आणि त्याने ते ऐकलंही होतं. मुलगी तेव्हा दुसऱ्या गावी शिकत होती. प्रयोगशाळेत पोचल्यावर त्याला घरी फोन करायला वेळ एकच होता, सकाळी आठ चाळीस ते नऊ. पण ती वीस मिनिटं रिकाम्या शॉटची होती; भांडं एकदा तापवून मोजलं की तो एक शॉट. रिकामा शॉट हे त्याच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. भांड्यात वायू नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, काही नाही. तरी झोत सोडायचा. मग बाजूच्या खिडकीत जो उजेड येईल तो इलेक्ट्रॉनचा असूच शकत नाही. तो भिंतींचा, काचांचा, इकडेतिकडे सांडलेला. तो टिपून ठेवायचा आणि दिवसभरच्या प्रत्येक मापातून वजा करायचा. उरेल ते खरं. यात त्याने सव्वीस वर्षांत एक दिवस हयगय केली नव्हती. रोज सकाळी वीस मिनिटं रिकाम्या भांड्यावर उजेड पाडत बसतो म्हणून तिथे सगळे त्याला रिकामटेकडा म्हणत. ए रिकामटेकड्या, झालं का तुझं? त्याला ते आवडायचं. त्या आठवड्यात मात्र त्याने पहिल्यांदाच मागचाच रिकामा पुन्हा वापरला. आदल्याच सकाळचा होता, भांडं तेच, खिडक्या त्याच, काय बदलणार आहे. आणि वीस मिनिटं तो गॅलरीत उभा राहून घरी फोन करायचा. ताप किती? नव्याण्णव, ती सांगायची. दुसऱ्या दिवशी, किती? नव्याण्णव. तिसऱ्या दिवशी नव्याण्णव. त्याच दिवशी भांड्याने विक्रम केला. दोन कोटी अंशांची अपेक्षा होती, त्याच्या मापात साडेतीन कोटी आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, "बघा. माझा उतरवून तुमच्या भांड्याला दिला मी." आवाज बारीक होता. तो हसला होता. तो हसला होता हे त्याला नीट आठवत होतं.

प्रयोगशाळेच्या फाटकातून आत येताना त्याने मुलीला फोन लावला. उचलला नाही. झोपली असेल. आज माणसांची वर्दळ जास्त होती, कारण उद्या भांड्यातला विजेचा प्रवाह दीडपट करायचा होता. साडेतीन कोटी अंश सहन करणारं भांडं तेवढा प्रवाहही पेलेल, असा हिशेब होता. इलेक्ट्रॉन जितके गरम, तितका प्रवाह सुरळीत. ते खरंच तितके गरम नसले, तर प्रवाह अर्ध्यावर तुटून भिंतीवर कोसळतो, आतलं अस्तर तडकतं, आणि दोन वर्षं नुसती डागडुजी. पण तसं कोणी म्हणत नव्हतं. सात महिने रोज त्याचं माप साडेतीनच्या आसपास येत होतं. त्या आकड्यावर लेख लिहिले गेले होते आणि उद्याचा दिवस ठरला होता. आठ चाळीस झाले. सात महिने या वेळी त्याचे पाय आपोआप गॅलरीकडे वळत, आजही वळले. पंधरा दिवसांची रजा संपवून तो परत आला त्या दिवसापासून हे असं होतं. रिकामं भांडं, काळा पडदा, त्यात काहीच नाही हे बघत बसायचं त्याला धाडस होत नसे. तो गॅलरीत उभा राही, फोन हातात धरी, आणि नऊ वाजता परत येई. संगणकाला जुनाच रिकामा दाखवून देई. कोणी विचारलं नाही.

आज गॅलरीतून त्याने मुलीला पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला. "ताप किती?" तो म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडचे तेच दोन शब्द त्याला सात महिन्यांनी पुन्हा ऐकू आले.

"थर्मामीटर बंद पडलाय ना?" मुलगी म्हणाली.

"हाताला कसं लागतंय?"

"बाबा, हातही माझा नि कपाळही माझंच. दोन्ही सारखंच तापलेलं. मला कसं कळणार?" मग ती म्हणाली, काळजी करू नकोस, नव्याण्णवच्या वर नसेल.

त्याने फोन ठेवला.  नव्याण्णव. हा शब्द तिने कुठून उचलला. कुठूनच नसेल, माणसं असंच म्हणतात, थोडा आहे सांगायला नव्याण्णव म्हणतात. आणि तेवढ्यात गेले सात महिने ज्या दारासमोरून तो डोळे मिटून जात होता ते दार आपोआप उघडलं. पाच दिवस. पाच सकाळी. नव्याण्णव, नव्याण्णव, नव्याण्णव, नव्याण्णव, नव्याण्णव. एक दशांश इकडे नाही, एक दशांश तिकडे नाही. खरं माप कधी असं येत नाही. खरं माप थरथरतं. तुम्ही एकाच भांड्याचा ताप एका मिनिटात तीनदा घ्या, तीन आकडे येतील. लागोपाठ पाच वेळा तोच आकडा आला तर नवख्या माणसालाही तो सांगायचा की तार सुटली असेल बघ, कोणी मोजतच नाहीये. हे त्याला कळत होतं. सात महिन्यांपूर्वी त्या गॅलरीत उभं राहूनही कळत होतं. कळत होतं आणि तो म्हणत होता, वा, छान, नव्याण्णव म्हणजे काहीच नाही. तिने खोटं सांगितलं याची भीती नव्हतीच. त्याला माहीत होतं आणि त्याने चालवून घेतलं, भीती याची होती. कठडा धरून तो उभा राहिला. खाली कोणीतरी ढकलगाडीवरून नळकांडी नेत होतं, चाकांचा खडखडाट होत होता, आणि तो आवाज संपूच नये असं त्याला वाटलं, कारण संपला की परत आत जावं लागणार होतं.

आत आला तर पहिल्या शॉटची मोजणी चालू झालेली. भोंगा वाजला, दहा, नऊ, आठ. सहावर वायूची झडप अडकली. आत काहीच गेलं नाही. भांडं रिकामंच राहिलं. पण लेझरला ते कळत नाही, त्यात साठवलेली वीज कुठेतरी मोकळी व्हावीच लागते. एक टिचकी वाजावी तसा आवाज झाला आणि झोत सुटला. बाकीचे झडपेच्या नावाने बोटं मोडत उठले. त्याने सवयीने आपल्या पडद्याकडे पाहिलं. त्याच्या पडद्यावर रंगांचे पाच खण असायचे. पहिला मूळ रंगाजवळचा, पाचवा सगळ्यात लांबचा. पाचव्यात उजेड आला की समजायचं, आत काहीतरी भयंकर तापलंय. साडेतीन कोटी जे निघत होते ते या पाचव्या खणाच्या जिवावर. आणि आता, भांड्यात एकही इलेक्ट्रॉन नसताना, पाचव्या खणात उंचवटा उभा होता. तोच. त्याच उंचीचा. सात महिने रोज बघून तोंडपाठ झालेला. त्याने डोळे चोळले. मग चष्मा काढून पुसला, परत लावला. उंचवटा होता तिथेच.  शेजारच्या खुर्चीवरची बाई सहज म्हणाली, तुझं काय दिसतंय? आणि तो म्हणाला, "काही नाही. रिकामा." मग त्याने पडदा झाकला. हात ठेवून झाकला, लहान मुलं पाटी झाकतात तसा. झडप दुरुस्त व्हायला तास लागणार होता. लोक चहाला गेले. त्याने हात काढला नाही.

भांड्याच्या दालनात शॉट नसताना जाता येतं, कुलपाची किल्ली लावून. तो विजेरी घेऊन गेला. झोताचा उरलेला उजेड भांड्याच्या पलीकडच्या टोकाला जिरवायला एक खोबण असते. दाढीच्या पात्यांची चळत, धारा एकीला एक लावून काळ्या केलेल्या. उजेड दोन पात्यांमध्ये शिरतो आणि आपटत आपटत आत मरून जातो. तिला सगळे मोरी म्हणत. ही मोरी त्यानेच बसवली होती, मोहिमेच्या दुसऱ्या आठवड्यात, बायकोच्या तापाच्या आदल्या संध्याकाळी, घाईत. त्याने खिडकीला डोळा लावला आणि विजेरी तिरपी धरली. मधलं एक पातं वाकलं होतं. त्याच्या धारेवर पांढरट, भाजलेला ठिपका होता. प्रत्येक वेळी झोत त्या धारेवर आपटत होता, तिथे एवढीशी ठिणगी उडत होती, आणि ठिणगीच्या पांढऱ्या उजेडात सगळेच रंग असतात, पाचव्या खणाचाही. साडेतीन कोटी अंश म्हणजे दाढीचं एक वाकडं पातं. एकदा, एका सकाळी, वीस मिनिटं रिकामा घेतला असता तर ती ठिणगी पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. दालनात थंडी होती. पंप घरघरत होते. त्याला वाटलं आपण हे कोणाला सांगितलं नाही तर? झडप दुरुस्त होईल, उद्या प्रवाह वाढेल, अस्तर तडकेल, आणि का तडकलं याची शंभर कारणं निघतील. त्याचं नाव त्यात कधीच निघणार नाही. हा विचार इतका सरळ, इतका व्यवस्थित आला की त्याला स्वतःचीच भीती वाटली. फोनवर बायको बोलली तेव्हा तिलाही असंच सोपं वाटलं असेल. नव्याण्णव म्हणायचं, की झालं.

मोठ्या बाईंच्या खोलीचं दार उघडंच असायचं. प्रयोगशाळा त्या चालवत, आणि उद्याच्या कागदांवर त्यांची सही व्हायची होती. समोर ज्योतिषी बसला होता. तो गणिताने आधीच सांगायचा की भांड्यात काय होणार, म्हणून हे नाव. आत न जाता त्याने दारातच उभं राहून सांगितलं.

"आज रिकामा घेतला. चुकून घेतला गेला. पाचव्या खणात तेच येतंय."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "शेवटचा रिकामा कधी घेतला होतास?"

त्याने तारीख सांगितली. ती तारीख कुठल्या आठवड्यातली हे मोठ्या बाईंना मोजावं लागलं नाही, त्या आठवड्यात त्या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग विचारलं, त्या वीस मिनिटांत तू काय करायचास? फोन, तो म्हणाला. तेव्हा ठीक आहे, पण नंतर? नंतर कोणाला फोन करायचास?  खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "तुला रिकामटेकडा म्हणायचं सगळ्यांनी सोडलं. मला वाटलं, तुझ्या दुःखाचा मान राखून सोडलं. तू रिकाम्या भांड्यापाशी बसायचाच बंद झालास म्हणून, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

ज्योतिषी हसला. ते हसू बघवत नव्हतं. त्याचं गणित पहिल्यापासून दोन कोटीच म्हणत होतं, तो सांगत होता, पण याच्या मापाला हात जोडून त्याने ते गणित वाकवलं होतं, कारण बाकी कोणीही चुकेल, हा नाही. सात महिने वाकवत होता. रागवला असता तर बरं झालं असतं. मोठ्या बाईंनी उद्याचं सगळं रद्द करायचा फोन केला. एकाला, मग दुसऱ्याला. आवाज चढला नाही. लेख मागे घ्यावे लागतील, चौकशी होईल, तुला सगळं लिहून द्यावं लागेल, तारखांसकट, असं त्याला सांगितलं. तो हो हो म्हणत होता. पुढे आपलं इथे काय होणार हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मुलगी आजारी आहे, एवढंच तो म्हणाला, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, मग इथे काय करतोयस.

परतीच्या बसमध्ये तीन वाजताचं ऊन होतं. तीनदा फोन लावला, तीनदा वाजून बंद झाला. झोपली असेल, तो मनाशी म्हणाला, आणि पाचव्या दिवशीही आपण असंच म्हणालो होतो हे त्याला आठवलं. त्या दिवशी दुपारी त्याने दोनदा लावला होता, उचलला गेला नाही, झोपली असेल म्हणून तो शॉटला बसला. शेजारणीने घराचं दार वाजवलं आणि तिने ते उघडलं नाही, तेव्हा कुठे कळलं. आज घराच्या जिन्यावर तो दोन दोन पायऱ्या चढला, किल्ली भोकात जाईना. मुलीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. ती कुशीवर होती, भिंतीकडे तोंड. त्याने हाक मारली. ती हलली नाही. त्याने कपाळावर हात ठेवला, पण हात बाहेरून आलेला, भीतीने बर्फ झालेला, त्याला सगळंच भाजत होतं. "काय रे," ती झोपेत म्हणाली. "फोन उचलायला काय झालं होतं?" त्याचा आवाज फाटला. फोन दुसऱ्या खोलीत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

तो पलंगाच्या कडेवर बसला, पिशवीची चेन उघडली, डबी काढली. आता पर्याय नव्हता. सांगून टाकावं, ताप घ्यावा, आणि जुना जाईल तो जाऊ दे. पण जाण्याआधी दोन सेकंद तो दिसणारच होता. एकशे तीन दिसेल? एकशे चार? अंगठा बटणावर होता. त्याने दाबलं. लहानशा काचेवर आकडा उजळला. एकशे एक पॉइंट तीन. म्हणजे खोटंच सांगत होती, हे पहिलं मनात आलं, आणि मागोमाग, पण एकशे एक म्हणजे काही फार नाही, आणि त्याच्या छातीतून अर्धा श्वास सुटलाही. मग नजर डबीवरच्या कागदाच्या पट्टीवर गेली. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. कोमट पाणी, खात्रीचा एकशे एक पॉइंट सात, हा एकशे एक पॉइंट तीन. एक दशांशाचाही फरक नव्हता. त्याने बंद करून पुन्हा दाबलं. एकशे एक पॉइंट तीन. तो कपातल्या पाण्याचा आकडा होता. त्याच्यानंतर या थर्मामीटरने कोणाचाच ताप घेतला नव्हता. सात महिने पिशवीत जपलेलं, ज्याच्यापायी तो बसमध्ये दचकायचा, झोपेतून उठायचा, ते त्याचं स्वतःचंच माप होतं. तिचं त्यात काही नव्हतं. तिने डबी उशीशी घेतली होती, एवढंच. ती उघडून बटण दाबायचं धाडस तिला झालं नव्हतं. पाच दिवस ती त्या डबीशेजारी पडून होती आणि आकडा बघायला घाबरत होती. घरात काही झालं की जिना उतरून जाणारी ती, शॉर्ट सर्किट झालं तर फ्यूज बघणारी ती, डॉक्टरांशी बोलणारी ती. तीही घाबरली असेल, हे सात महिन्यांत त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. ताप किती, असं विचारलं होतं. भीती वाटतेय का, असं विचारलं नव्हतं. तिचा ताप किती होता हे आता कधीच कळणार नव्हतं.

"बंद पडला होता ना तो?" मुलगी म्हणाली.

"नाही. माझ्याजवळ होता." त्याने तो तिच्या जिभेखाली दिला आणि तिचा हात हातात धरून ठेवला. यंत्राने बारीक शीळ घातली. शंभर पॉइंट दोन. चार दशांश मिळवले की शंभर पॉइंट सहा. त्याने मोठ्याने आकडा सांगितला, जो होता तोच. पोटात दुखतंय का, विचारलं. नाही म्हणाली. नक्की? नक्की. चहा पिऊन डॉक्टरकडे जाऊ, तो म्हणाला. एवढ्याशा तापाला? हो, एवढ्याशा तापाला. मग त्याने पुन्हा एकदा घ्यायला लावला. शंभर पॉइंट पाच.  तिसऱ्यांदा, शंभर पॉइंट तीन.

"बाबा, खराबच आहे हा," ती म्हणाली आणि थर्मामीटर त्याच्या हातात परत देऊ लागली. "दर वेळी वेगळंच सांगतोय."

"खराब नाही," तो म्हणाला. "तुला भीती वाटतेय का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "थोडी," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला. "अजून एकदा लाव."